खोलीचा आवाज

सदाशिव पेठेतल्या लॉजवर, दुसऱ्या मजल्यावर,
मी कपाटात बसून बोलते आहे.
खरंच कपाटात. हँगर काढून पलंगावर टाकलेत,
दाराला लॉजची रजई, डांबरगोळ्यांच्या वासाची,
डोक्यावर आईचं लुगडं. नऊ वार कशाला लागतात
ते आज कळलं.
माइक मोज्यात. मोजा धुतलेला.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
कृपया प्रतीक्षा करा."

पतपेढीला उद्या दुपारपर्यंत हवंय.
दहा वाक्यं. प्रत्येकात हसू,
पण दात न दिसणारं.

पहिल्या टेकमध्ये पंखा आला.
पंखा बंद केला, तर गच्चीवरची मोटार.
मोटार थांबली, तर भिंतीपलीकडचा परीक्षेचा मुलगा:
कलम दोनशे त्रेचाळीस, पंचायतींची रचना,
कलम दोनशे त्रेचाळीस,
अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून.
मी भिंतीवर ठोकणार होते. मूठसुद्धा वळली होती.
मग वाटलं, हाही टेकवर टेकच देतोय,
आणि याला तर कुणी पैसेही देत नाही.

आणि आई.
तिला ऐकू येत नाही म्हणून तर जळगावहून आलो,
पण ऐकू न येणारं माणूस आवाज किती करतं!
डब्याचं झाकण पडतं, तिच्या लेखी पडतच नाही.
बांगड्या. जांभई. पिशवीतली पिशवी, तिच्यातली पिशवी.
सातव्या टेकला कपाटाचं दार उघडून विचारते,
"काय करी ऱ्हायनी व तठे?"
घामाने निथळत मी ओठ मोठे करून सांगते: का-म.
ती मान हलवते, अगदी हळूच दार लावते,
धाडकन.

सकाळी कर्वे रोडला, नळ स्टॉपच्या अलीकडे,
बिनीवाले मॅडमनी आईला एका पेटीत बसवलं.
फोमच्या भिंती, जाड काच, हातात बटण.
आवाज आला की दाबायचं.
आई काचेआड, अंगठा बटणावर,
एसटीची वाट बघावी तशी.
बराच वेळ दाबलंच नाही तिने.
आणि मी, सांगायला लाज वाटते,
मी त्या भिंतींची जाडी मोजत होते.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी पेटी मला दिली.
"वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस."
दार लागलं तशी मेट्रो गेली, रिक्षा गेल्या,
सगळं पुणं कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं.
माझं आवंढा गिळणं मला ऐकू आलं.
दहाही वाक्यं एका बैठकीत झाली.
मग अर्धा मिनिट नुसती बसले, रेकॉर्डिंग चालू ठेवून.
खोलीचा आवाज म्हणतात त्याला.
दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला
त्या जागेची गप्पही लागते,
दुसऱ्या जागेची चालत नाही.

बाहेर आईच्या कानात नवं मशीन.
मी फोन पुढे धरला, ऐक.
आपला कॉल आमच्यासाठी.
तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोनकडे.
"हाऊ तुना आवाज नही."
माझाच आहे.
"नही. हाई बाई पुनानी शे."

न चा ण करायला, य चा ळ करायला
मला सहा वर्षं लागली होती.
शाबासकी म्हणून घ्यावी की काय, कळेना.
म्हटलं, "माय, मीच शे व."
तेव्हा मात्र मशीन नीट बसलंय म्हणाली.

रिक्षात विचारलं तिने,
शेवटी काचेआड गप्प का बसली होतीस?
मी सांगितलं, शांतता भरून घेत होते. कामाला लागते.
आई बराच वेळ बाहेर बघत राहिली.
"ती ते मन्हाजोडे तीन वरीस व्हती," म्हणाली,
"मांगी लेती."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.
ती दचकली. मीही.